आधी दिवस मोजले, मग फॉर्म भरला

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त १ मे २०२४ रोजी सोसायटीच्या सभागृहात केलेलं भाषण. मध्ये माइक बंद पडला तेव्हाचं बोलणं वगळून, बाकी जवळजवळ जसंच्या तसं.)



कमिटीने मला विषय दिला होता 'माझा छंद'. पण माझ्या छंदात सांगण्यासारखं नवीन काही उरलेलं नाही. पहाटे पावणेपाचला लिफ्टचा आवाज कुणाचा, पार्किंगमध्ये ओले कपडे कुणाचे, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याऐवजी मला गेलं वर्षभर या कंपाउंडमध्ये जो प्रश्न विचारला गेला, त्याचं उत्तर एकदाच सगळ्यांना मिळून देते. प्रश्न असा : "एवढी तयारी करत होतीस, मग गेल्या वर्षी गोव्याला गेली का नाहीस?" आणि फेब्रुवारीत मी या वर्षीचा फॉर्म भरल्यापासून त्याला जोडून दुसरा : "मग आता कशी काय निघालीस?" दोन्हींचं उत्तर एकाच हिशेबात आहे, आणि आयुष्यभर बँकेत काम केल्यामुळे हिशेब सांगायला मला आवडतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग पळायचं, तिन्ही सलग, घड्याळ न थांबवता. ऑलिंपिकमध्ये २००० सालच्या सिडनीपासून हा खेळ आहे, पण तिथलं अंतर लहान असतं. आयर्नमॅन म्हणतात ती लांब पल्ल्याची : ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन, ४२.२ किलोमीटर. १९७८ साली हवाई बेटांवर ही पहिल्यांदा झाली. पोहणारा जास्त दमदार, सायकलवाला की पळणारा, असा वाद निघाला आणि त्यातून तिन्ही एका दिवसात करायची कल्पना आली. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. (कट्ट्यावरच्या वादातून एवढं काही निघू शकतं, हे आपल्या कट्ट्याने लक्षात घ्यावं.) आपल्याकडे मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिचला ती पूर्ण केली तेव्हा पेपरात फोटो आले, आणि पन्नाशीच्या आसपासच्या कितीतरी लोकांनी आपलं पोट आरशात बघितलं.

गोव्याची शर्यत त्याच्या निम्मी. मिरामारला समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर पळणं. सगळं मिळून साडेआठ तासांत. २०१९ मध्ये ती तिथे पहिल्यांदा झाली. गेल्या वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, तारीख होती ८ ऑक्टोबर.

आता सगळा घोळ या तारखेत आहे. युरोप-अमेरिकेत लांब पल्ल्याच्या शर्यतींचा हंगाम उन्हाळ्यात. तिथे एप्रिल-मेमध्ये शर्यत असली की तिला हंगामाच्या सुरुवातीची म्हणतात, आणि त्या लोकांची तक्रार ठरलेली असते : सगळा सराव थंडीत झाला, सायकल खोलीतच चालवली, तळ्याचं पाणी बर्फासारखं आहे, नाव द्यावं की न द्यावं? आपला हिवाळा म्हणजे पावसाळा. आपल्याकडे हंगाम सुरू होतो पाऊस गेल्यावर. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख कोणती, माहीत आहे? ८ ऑक्टोबर. आणि गोवा मुंबईच्या दक्षिणेला, म्हणजे तिथला पाऊस त्याच्याही नंतर परतणार. तेव्हा ८ ऑक्टोबरची शर्यत करायची तर तयारीचे चारही महिने छत्रीखालचे.

पळण्याचं काही विशेष नाही. पुण्याच्या पावसात पळायला उलट मजा येते, फक्त बूट वाळत नाहीत. सायकलचं अवघड होतं. सिंहगड रस्त्यावरचे खड्डे पाण्याने भरले की खोली कळत नाही आणि पांढऱ्या पट्ट्यांवरून चाक घसरतं. म्हणून सायकल घरात ट्रेनरवर लावली. ट्रेनर म्हणजे मागचं चाक अडकवायचा एक स्टँड, सायकल जागच्या जागी फिरते. सायकल फिरली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या छतातून घरघर सुरू झाली. काकांनी रीतसर अर्ज दिला. कमिटीने मीटिंग घेऊन मला गच्चीवरच्या लिफ्टरूमशेजारच्या शेडमध्ये सकाळी सहा ते आठ परवानगी दिली, विजेचा पंखा स्वतःचा, या अटीवर. ठराव इतिवृत्तात आहे. काका आज पहिल्या रांगेत बसलेत, त्यांचेही आभार. त्यांच्या अर्जामुळे मला गच्चीवरचा वारा मिळाला.

राहिलं पोहणं. आणि निर्णय खरा तिथे अडला.

आपण पोहतो महापालिकेच्या तलावात. पंचवीस मीटरची लांबी. १९०० मीटर म्हणजे ७६ फेऱ्या. त्याला मला तेव्हा ५६ मिनिटं लागत होती. शर्यतीत पोहण्याला ७० मिनिटांची मर्यादा असते. ७० मिनिटं झाली आणि तुम्ही पाण्यातच असाल, तर तुमची शर्यत संपली. सायकलला हातही लावायचा नाही. ऐकायला चौदा मिनिटं हाताशी आहेत असं वाटतं. पण तलावात दर पंचवीस मीटरला भिंत येते, तिला पाय लावून ढकललं की दोन-तीन मीटर फुकट मिळतात. तळाला काळी रेघ असते, तिच्यावरून सरळ जायचं. समुद्रात भिंत नाही आणि रेघही नाही. दर सात-आठ हातांनंतर डोकं वर काढून बोया कुठे आहे ते बघायचं, तेवढ्यात लाट तोंडात. सरळ पोहतोय असं वाटत असतं आणि प्रत्यक्षात आपण कोकणाकडून लक्षद्वीपकडे निघालेलो असतो. अंतर दहा टक्के वाढलं असं धरलं, तर ५६ ची साडेएकसष्ट मिनिटं. लाटांमुळे वेग आणखी दहा टक्के पडला, तर अडुसष्ट. उरली दोन मिनिटं. बँकेत एवढ्या तारणावर आम्ही कर्ज देत नाही.

शिवाय गोव्यात वेटसूट चालत नाही. तो रबरी सूट माणसाला वर तरंगवतो, कच्च्या पोहणाऱ्याला त्याचा मोठा आधार असतो. पण तो फक्त थंड पाण्यात घालू देतात. साडेचोवीस अंशांच्या वर पाणी असलं की आपल्यासारख्या हौशी स्पर्धकांना त्याची परवानगी नाही, आणि आपला समुद्र ऑक्टोबरात त्याहून बराच गरम. युरोपातल्या थंड पाण्याला जे उत्तर आहे, ते आपल्याला उपलब्धच नाही. आपल्याला समुद्राची सवय हाच एक उपाय.

सवय करायची तर समुद्रात उतरायला हवं. कधी उतरणार? १ जून ते ३१ जुलै तर सरकारचीच मासेमारी बंदी. त्यानंतरही कोळी लोक नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते थांबतात, तर हौसेने पोहणाऱ्या पुणेकराने कशाला शहाणपणा करावा? गोव्यात जीवरक्षक पावसाळाभर लाल झेंडे लावून ठेवतात. खडकवासला जवळ आहे, पण धरणात उतरायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

मग मी कालनिर्णय काढलं. हसू नका, ट्रायथलॉनच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा ते मला जास्त उपयोगी पडलं. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. त्यामुळे नारळी पौर्णिमा गेली थेट ३० ऑगस्टला. तिथून ८ ऑक्टोबरपर्यंत दिवस ३९. त्यात शर्यतीचा सोडून रविवार पाच. १९ सप्टेंबरला गणपती, मग गौरी, त्यामुळे १७ तारखेचा रविवार साफसफाई आणि आराशीचा, २४ चा सोसायटीच्या कार्यक्रमांचा. १ ऑक्टोबर शर्यतीच्या आधीचा, त्या आठवड्यात अंग मोडून काही करायचं नसतं. उरले दोन. पुण्याहून दापोलीजवळच्या मुरुडला जायचं म्हणजे पाच-सहा तास, आणि तिथे पोचल्यावर समुद्र खवळलेला असला तर चहा पिऊन परत. दोन रविवारांच्या भरवशावर एक आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात पोहणारी बाई, वय ४७.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण उत्साहात ती कुणी बोलत नाही. या खेळात मृत्यू फार थोडे झालेत, पण जे झालेत त्यांतले बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात झालेत. माझ्या वडिलांना छप्पन्नाव्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. मी ट्रेडमिलवरची हृदयाची तपासणी करून घेतली, ती चांगली आली. डॉक्टर म्हणाले, "पळा, सायकल चालवा, हरकत नाही. पण घाबरून पोहू नका." घाबरून पोहू नका, हे वाक्य मी बरेच दिवस घेऊन फिरत होते. कारण घाबरणं ही माझ्या इच्छेची गोष्ट नव्हती. ओळखीच्या पाण्यात माणूस घाबरत नाही, आणि ती ओळख करून घ्यायला माझ्याकडे दोन रविवार होते.

घरचाही हिशेब होता. निम्म्या आयर्नमॅनचा सराव म्हणजे आठवड्याला दहा-अकरा तास. हे तास आकाशातून पडत नाहीत, कुणाच्या तरी वाट्याचे घ्यावे लागतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. जूनपर्यंत त्यांना सकाळी उठवून बसवायला, वॉकर धरून चालवायला माणूस लागायचा. ह्यांची नोकरी फिरतीची. मुलगा बारावीत. सी विंगच्या वहिनी आठवड्यातून तीनदा सकाळी येऊन बसायच्या, म्हणून माझं तलावावर जाणं तरी चालू राहिलं. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण पाच रविवार पहाटे तीनला निघून रात्री परत येणं हे त्यांच्या आणि मुलाच्या जिवावर होणार होतं, हे मला दिसत होतं. त्यात ८ ऑक्टोबर पितृपंधरवड्यात. सासऱ्यांचं श्राद्ध त्याच आठवड्यात. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तिथीला तू घरी असशील ना?" त्या पुढे काही म्हणाल्या नाहीत, मीही नाही.

तेव्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी ठरवलं की २०२३ ला नाव द्यायचं नाही. फॉर्मची फी पाच आकडी असते, भरल्यावर परत मिळेल अशी आशा धरू नये, आणि जसजसे दिवस जातात तशी ती वाढते. म्हणून 'बघू, सप्टेंबरमध्ये ठरवू' हे फार महागात पडतं. कुंपणावर बसायलाही भाडं लागतं.

आता गंमत अशी की त्याच जुलैत बी विंगमधल्या आमच्या तरुण शेजाऱ्याने त्याच शर्यतीचा फॉर्म भरला. मला काही जण म्हणाले, बघ, तो जातोय आणि तू घाबरलीस. पण तो मूळचा मालवणचा. चालायला लागायच्या आधी पाण्यात पडलेला. त्याचं पोहणं पस्तीस मिनिटांत व्हायचं. दुप्पट वाईट दिवस असता तरी तो ७० च्या आत आला असता. त्याची अडचण सायकलची होती, ती गच्चीवरच्या शेडमध्ये माझ्यानंतरच्या पाळीत आठ ते नऊ त्याने भागवली (कमिटीने हे आज पहिल्यांदा ऐकलं असेल, तर माफी असावी). त्याने शर्यत पूर्ण केली, मेडल आणलं, आपण गेटवर ढोल वाजवला. तारीख एकच, पाऊस एकच. त्याने भरलं तेही बरोबर होतं आणि मी नाही भरलं तेही.

एक सल्ला त्याच्याकडून मिळाला तो सांगते, कुणाला उपयोग होईल. गोव्यात त्याला सगळ्यात जड गेलं ते पळणं. पुण्यातल्या पावसाळी हवेत केलेला सराव आणि अकरा-बाराच्या उन्हात, घाम वाळतच नाही अशा दमट हवेत २१ किलोमीटर, यांचा काही संबंध नाही. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि पाऊस संपता संपताच शर्यत असली की ते दिवस मिळत नाहीत. तो चालत, पाणी डोक्यावर ओतत, बर्फ टोपीत घालत पोचला.

मी काय केलं? पावसाळा तलावात काढला आणि डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्राला दिला. हिवाळ्यात कोकणचा समुद्र सकाळी अगदी शांत असतो. चार जणांचा गट, एक नेहमीचा होडीवाला बरोबर, आम्ही मुरुडला सहा वेळा गेलो. पहिल्या दिवशी मी शंभर मीटरही गेले नाही. पाणी हिरवट, तळ दिसत नाही, पायाला काहीतरी लागलं, ते स्वतःचाच दुसरा पाय होता. तिसऱ्या वेळी किनारा डाव्या हाताला ठेवून सरळ पोहता येऊ लागलं. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी १९०० मीटर एकसष्ट मिनिटांत झाले, होडीला दोनदा हात लावून. शर्यतीतही कयाक घेऊन माणसं उभी असतात, दमलात तर कयाक धरून थांबता येतं, फक्त तिच्या जोरावर पुढे सरकायचं नाही. हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा एक प्रश्न मिटला. प्रश्न होता, "बुडायला लागलीस तर कोण काढणार?"

त्याच रात्री मी २०२४ चं कालनिर्णय काढलं. या वर्षी शर्यत २७ ऑक्टोबरला. अधिक महिना नाही, त्यामुळे नारळी पौर्णिमा १९ ऑगस्टला. मधले दिवस ६९. गेल्या वर्षीपेक्षा बरोबर तीस जास्त. शर्यतीआधीचे रविवार नऊ. गणपती ७ सप्टेंबरला बसतात, अनंत चतुर्दशी १७ ला, म्हणजे त्यानंतर २२ सप्टेंबरपासून पाच रविवार पूर्ण मोकळे. शेवटचा आरामाचा सोडला तरी चार. ऑक्टोबर हीटचे दोन-तीन आठवडे पुण्यातच मिळतील, दुपारी पळून उन्हाचीही सवय होईल. पितृपंधरवडा तोपर्यंत आटोपलेला. सासूबाई आता वॉकरने कॉरिडॉरच्या आठ फेऱ्या एकट्या मारतात, आणि मोजतात. मुलगा बारावीतून सुटला. म्हणून फॉर्म भरला. शर्यत तीच, बाई तीच, फक्त वयात एक वर्ष वाढलं.

पूर्ण होईल का, माहीत नाही. सायकलला साडेतीन-पावणेचार तास, पळायला दोन तास चाळीस, मध्ये कपडे-बूट बदलायला पंधरा मिनिटं, असं धरलं तर पावणेआठच्या आसपास बसतं. पोहण्यात ७० मिनिटांच्या आत निघाले तर पुढचं मला जमण्यासारखं आहे.

आता एकच अडचण उरली आहे आणि ती मला दहा जणींनी वेगवेगळ्या लिफ्टमध्ये विचारून झाली आहे. २७ ऑक्टोबर हा वसुबारसेच्या आदला दिवस. फराळाचं काय? तर चकल्या सी विंगच्या वहिनींकडून घेणार आहे, पैसे देऊन, त्यांनी कितीही नको म्हटलं तरी. चिवडा हे करणार, त्यांनी तसं सगळ्यांसमोर कबूल केलंय आणि हे भाषण स्मरणिकेत छापून येणार आहे. लाडू सासूबाई बसून वळणार, बेसन मी गोव्याला जायच्या आधी भाजून ठेवणार.

आणि समुद्रात पोहण्याचा सराव कुणाला करायचा असेल तर गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. पहिला रविवार २२ सप्टेंबर, गेटवरून पहाटे तीनला निघू. आदल्या संध्याकाळी होडीवाल्याला फोन करणार, तो नाही म्हणाला तर जायचं नाही. पोहणं तलावात एक किलोमीटर सलग येत असेल तरच नाव द्या.